पालथा कागद

ता. ६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीसमोर दातांच्या दवाखान्याची भलीमोठी पाटी असल्यामुळे सकाळी उठल्या उठल्या दात घासायची आठवण राहते. घरमालकीणबाईंना कमी ऐकू येतं, तेव्हा आमचं छान जमेल.

लीगल सेक्रेटरीच्या वर्गात माझ्या वयाचं दुसरं कोणी नाही. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर शिक्षिका आल्या असं समजून सगळ्या मुली उठून उभ्या राहिल्या. मीही त्यांना बसा म्हटलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. सकाळी वर्ग आणि दुपारी एका वकीलबाईंच्या ऑफिसात प्रत्यक्ष काम, असं सहा महिने चालणार. शेवटी बाई माझ्याबद्दल शेरा लिहिणार आणि तो चांगला असला तरच प्रमाणपत्र मिळणार. मी नोकरीला होते ते तिकिटांचं काउंटर बंद झाल्यापासून घरी बसून तुझं आणि नानांचं डोकं खात होते. ते दिवस मला पुन्हा नकोत.

वकीलबाई साठीच्या, ठेंगण्या, एक चष्मा नाकावर आणि एक डोक्यावर. त्यांचा पहिला धडा टाइपिंगचा नव्हताच. टेबलाजवळ कोणीही आलं, अगदी झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या, तरी समोरचा कागद पालथा घालायचा, हा पहिला धडा. मी कागद इतक्या तत्परतेने पालथा घातला की बाईंचा चहा मजकुरावर सांडला आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागलं.

पण ताई, इथे ऐकायला काय काय मिळतं म्हणून सांगू. एक नवराबायको वेगळे होत आहेत. भांडी वाटली, पलंग वाटला, पुस्तकं वाटली, आणि आता गाडं अडलंय कासवावर. खरंखुरं, जिवंत कासव. नवरा आमचा पक्षकार. त्याला ते कासव मुळीच नकोय, पण तसं दाखवायचं नाही, शेवटपर्यंत ताणायचं आणि त्याच्या बदल्यात वडिलांचं लाकडी टेबल मागून घ्यायचं, असा बाईंचा बेत आहे. मी नावं सांगत नाही हं, तेवढी अक्कल आहे मला.

नानांना नमस्कार. कळावे. लोभात खाडा पडू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

---

ता. १४ जून

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू फोन करतेस तेव्हा तू बोलतेस आणि मी ऐकते. पत्रात निदान माझीही पाळी येते, म्हणून हेच चालू ठेवू.

तुझं कासव इथे भलतंच गाजलं. नानांनी पत्र दोनदा वाचलं आणि खिशात घालून वाचनालयात नेलं. तिथल्या ग्रंथपालकाकूंना वाचून दाखवलं म्हणे. त्या एरवी कोणी खोकलं तरी डोळे वटारतात, पण कासवावर त्या स्वतःच हसल्या आणि वाचकांनी वर बघितलं. पुढे काय झालं ते कळव, अशी त्यांची खास विनंती आहे.

शाळा सुरू झाली. यंदा मला दहावीचे दोन वर्ग दिलेत आणि मुख्याध्यापकांनी ते असे दिले की जणू बक्षीस देत आहेत. नाना बरे आहेत. घड्याळदुरुस्तीचं दुकान विकल्यापासून घरातली घड्याळं उघडून बसायचे, आता दुपारभर वाचनालयात असतात. माझी घड्याळं वाचली.

एक गोष्ट मात्र थट्टा सोडून सांगते. तुझ्या पोटात काही राहत नाही, हे आपल्या घरातच नव्हे, आख्ख्या आळीला ठाऊक आहे. माझ्या वाढदिवसाची भेट मला सगळ्यांत आधी तूच सांगतेस. वकिलाच्या ऑफिसात तुझा निभाव कसा लागणार, याची मला धास्ती वाटते. जिभेला जरा आवर घाल.

कळावे. तिकडे नीट जेव, म्हणजे इकडे लोभ वाढत राहील.

तुझी,
ताई

---

ता. ३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी जीभ काळी आहे. जे व्हायचं ते झालं.

कोर्टाच्या कँटीनमध्ये मी वर्गातल्या एका मुलीला कासवाची गोष्ट सांगितली. नाव नाही, गाव नाही, फक्त कासव आणि टेबल. पाठीला पाठ लावून मागच्या टेबलावर कोण बसलं होतं, तर बायकोच्या वकिलांची सेक्रेटरी. कासवासाठी भांडणारी जोडपी शहरात काही ढिगाने नाहीत. दुसऱ्या दिवशी बैठकीत पलीकडचे वकील हसतमुखाने म्हणाले की कासव ज्यांना नकोच आहे त्यांनी ते खुशाल देऊन टाकावं, टेबल मिळणार नाही. आमच्या पक्षकाराचा चेहरा मला बघवला नाही. ते टेबल त्याच्या वडिलांनी हाताने बनवलं होतं.

मी बाईंना स्वतःहून सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डोक्यावरचा चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या की टाइपिंग कोणीही शिकतं, पण लोक आपल्याकडे येतात ते घरात बोलता येत नाही ते बोलायला. पुन्हा एकदा असं झालं तर माझ्या शेऱ्यात त्या ‘या कामास अयोग्य’ एवढंच लिहिणार आहेत.

ताई, मला हे काम आवडायला लागलंय. मसुदा तयार करणं, परिच्छेदांना आकडे घालणं, प्रत्येक पानाखाली सहीची जागा सोडणं, तारखांची डायरी सांभाळणं, सगळं जमतंय. चाळिशीत एक गोष्ट धड जमायला लागली आणि ती तोंडापायी जाणार असेल तर मी स्वतःला माफ करणार नाही. म्हणून आजपासून ऑफिसातलं एक अक्षर पत्रात येणार नाही. ग्रंथपालकाकूंची माफी माग.

कळावे. लोभ आहे ना अजून? असू दे.

तुझी,
धाकटी

---

ता. ११ जुलै

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

वाईट वाटलं. पण स्वतःहून सांगितलंस हे चांगलं केलंस. नाना म्हणाले की मुलगी आपली आहे खरी, आणि जेवता जेवता वकीलबाईंचं बोलणं मला पुन्हा वाचायला लावलं.

आता एक काम. येत्या गुरुवारी नाना तिकडे येत आहेत. डोळे तपासायचे म्हणतात. इथल्या डॉक्टरांना काय झालं विचारलं तर म्हणाले की शहरातली यंत्रं चांगली असतात. मी रजा टाकते म्हटलं तर चक्क रागावले आणि मी काही लहान मूल नाही म्हणाले. एवढ्या वर्षांत माझ्याशिवाय ते कुठे गेले नाहीत. तू त्यांना बसस्टँडवरून घे, गोळ्या वेळेवर दे आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला सविस्तर कळव. मी वाट बघते.

कळावे. लोभाची काळजी करू नकोस, नानांची कर.

तुझी,
ताई

---

ता. २१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाना आले आणि गेले. गोळ्या घेतल्या. जेवण व्यवस्थित झालं. तब्येत ठणठणीत आहे, जिने माझ्याआधी चढले. डोळ्यांचं त्यांनाच विचार.

इकडे विशेष काही नाही. फायली बांधायला हिरवी नाडी वापरायची की पांढरी, यावर वर्गात मोठी चर्चा झाली. हिरवी लवकर विटते, पांढरी मळते. सरांचं मत पांढरीकडे झुकतं. भोक पाडण्याचं यंत्र नवीन आलंय, ते एका दमात वीस कागद भोसकतं. घरमालकीणबाईंनी जिन्याला नवा दिवा लावला. हवा बरी आहे.

कळावे. लोभ राहू दे.

तुझी,
धाकटी

---

ता. ६ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला जांभई आली, आणि मग भीती वाटली. नाडीवर एवढं लिहिणारी तू नव्हेस. तू काहीतरी झाकते आहेस.

नाना परत आल्यापासून वेगळेच वागताहेत. चष्मा तोच आहे. डॉक्टर काय म्हणाले विचारलं की सगळं उत्तम म्हणतात आणि खोलीत निघून जातात. कालपरवा त्यांनी कपाट आवरायला काढलं. अर्धं कपाट रिकामं केलं. जुने कोट देऊन टाकले, दुकानातली हत्यारं एका कारागिराला दिली. आईचा फोटो पुसून माझ्या खोलीत आणून लावला आणि म्हणाले की हा आता तुझ्याकडे बरा. रात्रीच्या जेवणाला बसले की माझ्याकडे बघत राहतात, बोलायला तोंड उघडतात आणि मीठ मागतात. परवा उशीखाली कसलासा लिफाफा ठेवताना मला बघून दचकले.

माणूस असं कधी आवरतो ते मला सांगायला नको. ते आजारी आहेत का? तुला ठाऊक आहे आणि मला दुखेल म्हणून सांगत नाहीस का? वर्गात शिकवताना मधेच माझं लक्ष उडतं. आई गेली तेव्हाही मला सगळ्यांत शेवटी सांगितलं होतं, तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. आता तसं करू नकोस. एक ओळ लिही, पण खरी लिही.

उत्तर उलट टपाली हवं. बाकी काही नको.

तुझी,
ताई

---

ता. ९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाना आजारी नाहीत. हे मी माझ्या डोळ्यांनी बघून, त्यांची मुलगी म्हणून, शपथेवर लिहिते. त्यांना काही झालेलं नाही आणि होणार नाही. आज शांत झोप.

याच्या पुढचं मला विचारू नकोस, त्यांना विचार. मी सांगत नाही याचा अर्थ मला तुझी पर्वा नाही असा घेऊ नकोस. तुझं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले, एवढं सांगायला कोणाची मनाई नाही.

कळावे. तुझ्या लोभावाचून माझं चालत नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी,
धाकटी

---

ता. १७ ऑगस्ट

धाकटीस,

आशीर्वाद देण्याच्या मनःस्थितीत नाही, तरी दिले असं समज.

काल रविवारी नाना चहाला ग्रंथपालकाकूंना घेऊन आले. त्या कडक इस्त्रीची साडी नेसून खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. नानांनी घसा साफ केला आणि सांगितलं की आम्ही दोघं लग्न करणार आहोत, नोंदणी पद्धतीने, गाजावाजा नको. मग म्हणाले की सगळं रीतसर केलंय. त्यांच्या मागे घर आपल्या दोघींचं, पण काकू हयात असेपर्यंत त्यांना तिथे राहण्याचा हक्क, असं मृत्युपत्र करून ठेवलंय. कुठे केलंत विचारलं तर म्हणाले, धाकटीच्या वकीलबाईंकडे.

म्हणजे तुला ठाऊक होतं. मी इथे त्यांच्या नाडीचे ठोके मोजत होते, झोपेत श्वास चालू आहे का ते दारातून ऐकत होते, आणि तू मला हिरवी नाडी आणि पांढरी नाडी लिहीत होतीस. आईच्या मागे त्यांचं पथ्यपाणी, दुखणीखुपणी, सगळं मी केलं. मला सांगायचं सोडून ते परक्या वकिलाला सांगायला तीन तासांचा प्रवास करून गेले, आणि माझी सख्खी बहीण तिथे बसून लिहून घेत होती. आख्खा जन्म तुझ्या पोटात काही राहिलं नाही, आणि राहिलं ते नेमकं हेच.

काकू वाईट नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही. नानांवरही असलाच तर थोडा. तुझ्यावर आहे. तेव्हा लोभाचं यावेळी लिहीत नाही.

ताई

---

ता. २३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आता नानांनी स्वतः तुला सांगितलं, आणि मला फोन करून मोकळं केलं, म्हणून लिहू शकते. सगळं लिहिते.

त्या गुरुवारी बसस्टँडवरून नाना माझ्याबरोबर निघाले आणि डोळ्यांच्या दवाखान्याकडे वळायच्या ऐवजी सरळ आमच्या ऑफिसचा जिना चढले. मला वाटलं, माझी जागा बघायची असेल. मी कौतुकाने खुर्ची दिली. तर ते म्हणाले की मी वेळ घेतली आहे. डायरीत बघितलं, खरंच होती. बाईंच्या अक्षरात, त्यामुळे माझ्या नजरेतून सुटली होती.

मग नियमाप्रमाणे मला नोंद करावी लागली. ताई, मी माझ्या बापाला पूर्ण नाव विचारलं. त्यांनीही सावकाश, आडनावासकट सांगितलं. पत्ता विचारला. वय विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हसू दाबता दाबता पेन हातून सुटलं. मग कामाचं स्वरूप विचारलं. ते म्हणाले, लग्न. मी म्हटलं, कोणाचं. ते म्हणाले, पक्षकाराचं.

मी उठून बाईंना सांगितलं की हे माझे वडील आहेत. बाईंनी नानांना विचारलं की दुसऱ्या वकिलाकडे पाठवू का. नाना नको म्हणाले. कासवाच्या प्रकरणात ज्या बाईंनी स्वतःच्या माणसाला सूट दिली नाही त्यांच्याकडेच काम द्यायचं, असं त्यांनी ताटावर बसून तुझ्या तोंडून माझं पत्र ऐकताना ठरवलं होतं म्हणे. मृत्युपत्रात माझं नाव येणार म्हणून बाईंनी मला त्याला हात लावू दिला नाही. दोन बोटांनी स्वतः टाइप केलं, अर्धी दुपार गेली. मी बाहेर बसून टकटक ऐकत होते. तो कागद मी आजही वाचलेला नाही.

जाताना नाना म्हणाले की ताईला मीच सांगेन, पण मला धीर गोळा करू दे. तुझं ते भीतीचं पत्र आलं त्या दिवशी मी त्यांना फोन केला आणि एवढंच म्हटलं की तुम्ही आवराआवर करताय त्याने ताईचा जीव जातोय, लवकर बोला. ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. काकूंचे कपडे ठेवायला जागा करत होते बिचारे.

तुला एक ओळ लिहायला माझे हात शिवशिवत होते. शेऱ्याची भीती होतीच, खोटं बोलत नाही. पण त्याहून मोठं कारण वेगळं होतं. मी लिहिलं असतं तर तू दारातच त्यांना विचारलं असतंस, आणि ते छे छे, कसलं लग्न, म्हणाले असते आणि तो विषय कायमचा मिटवला असता. तुझ्या कपाळावर एक आठी दिसली तरी ते दुसरी भाजी मागत नाहीत. त्यांना या वयात स्वतःच्या तोंडाने सांगायची एकच संधी होती, ती माझ्या तोंडून जाऊ नये असं वाटलं. तुला त्याचा किती त्रास झाला ते मला समजतं आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

लोभ मागत नाही. तू देशील तेव्हा घेईन.

तुझी,
धाकटी

---

ता. १२ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर केला तो मुद्दाम. पहिले काही दिवस रागात होते, मग तुझं म्हणणं खरं आहे हे कबूल करायला वेळ लागला. मी ते लग्न एका सकाळीत मोडलं असतं, आणि नानांच्या भल्यासाठीच मोडते आहे असं मला वाटलं असतं.

काकू आता रोज संध्याकाळी येतात. नाना त्यांच्यापुढे दुसरी भाजी मागतात. मी बघितलं, आणि मला आधी वाईट वाटलं आणि मग हसू आलं. पुढच्या महिन्यात नोंदणी आहे, तू ये.

आता जे लिहिते ते आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुला तर नाहीच, कारण तुला सांगणं म्हणजे चौकात उभं राहून सांगणं, असं मी धरून चालले होते. डोंगरावरच्या एका निवासी शाळेने मला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा मी नाही म्हणून कळवलं, कारण नाना एकटे पडले असते. तिथे वर्गाच्या खिडकीतून खालचं सगळं खोरं दिसतं. मी मुलाखतीला गेले होते तेव्हा अर्धा तास त्या खिडकीशी उभी होते. घरी येऊन सांगितलं की प्रशिक्षण होतं.

त्यांचं तिसऱ्यांदा पत्र आलंय. परवा मी होकार पाठवला. नव्या सत्रापासून जायचं. नानांना आत्ता कळलं तर मी रागावून घर सोडते आहे असं समजून ते लग्नच रद्द करतील, तू त्यांना ओळखतेस. नोंदणी होऊ दे, दोघं स्थिरस्थावर होऊ देत, मग मी माझ्या तोंडाने सांगेन. मला आनंद झालाय, धाकटे, इतका की कोणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना, आणि त्यासाठी तूच आठवलीस.

उत्तरात याबद्दल काही लिहू नकोस. हल्ली तुझी पत्रं नाना फोडतात आणि काकूंना वाचून दाखवतात.

कळावे. मधे थकलेला सगळा लोभ या पत्राबरोबर पाठवला आहे.

तुझी,
ताई

---

ता. १८ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. ती. नानांना आणि काकूंना नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. त्यात उत्तर देण्यासारखं काही नव्हतं, म्हणून इकडचंच लिहिते.

टाइपिंगच्या परीक्षेत पहिली आले. वर्गातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांत म्हातारी पहिली आली म्हणून हळहळल्या. कोर्स संपल्यावर बाई मला ऑफिसात ठेवून घेणार आहेत. शेऱ्याचं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, तो लिफाफा थेट वर्गाकडे जातो. नोंदणीला मी दोन दिवस आधी येते.

बाकी काही विशेष नाही. काल दिवसभर मी उगाचच खुशीत होते. फायली बांधताना गुणगुणत होते, जिना दोन दोन पायऱ्या चढत होते. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा विचारलं नाही.

कळावे. लोभ पोचला, जपून ठेवला आहे.

तुझी,
धाकटी